घरच्या छोट्या बागेत सफरचंद: खुंट निवडण्यापासून कलम बांधण्यापर्यंत सगळं

सफरचंदाची बी पेरली तर झाड येतं, चांगलं जोमदार येतं, पण त्याचं फळ तुम्ही ज्या सफरचंदाची बी पेरली तसंच निघेल याची अजिबात खात्री नाही. सफरचंदाच्या फुलाला सहसा दुसऱ्या जातीचाच पराग लागतो, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे एक नवा संकर. त्यातून क्वचित एखादं रत्न निघतं, ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ यांच्याकडे आपसूक उगवलेल्या रोपाला १८६८ च्या सुमारास फळं आली आणि तीच आजची ग्रॅनी स्मिथ. पण बाकी बहुतेक रोपांची फळं लहान, आंबट, तुरट निघतात आणि ते कळायलाच सहा ते दहा वर्षं जातात. जगात जिथे कुठे ग्रॅनी स्मिथचं झाड आहे ते त्या एका झाडाच्या काडीपासून कलमाकलमाने, म्हणजे काडी दुसऱ्या रोपावर जोडत जोडत, तिथवर पोचलंय. म्हणजे आवडीची जात टिकवायची असेल, थोड्या जागेत चार-पाच जाती बसवायच्या असतील तर कलम करता आलंच पाहिजे, आणि ते येतं, हात बसायला थोडा सराव लागतो एवढंच.

आधी खुंट, मग जात

नर्सरीत गेलं की आपण आधी विचारतो कुठल्या जाती आहेत. खरं तर पहिला प्रश्न "खुंट कुठला आहे?" हा पाहिजे (खुंट म्हणजे खालचं मुळांचं रोप, ज्याच्यावर आपल्या जातीची काडी जोडतात), कारण झाड दोन मीटरवर थांबणार की पाच मीटर जाणार हे मुख्यतः खालचा खुंट ठरवतो, फळ किती लवकर लागणार हेही बऱ्यापैकी तोच ठरवतो. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुने खुंट गोळा करून, वेगळे करून त्यांना नंबर दिले, आजही तेच नंबर चालतात. एम म्हणजे मॉलिंग, एमएम म्हणजे मॉलिंग-मर्टन. नंबर लहान म्हणजे झाड लहान असं मात्र नाही, एम २७ सगळ्यात बुटका आणि एम २५ चांगला दांडगा, त्यामुळे नंबरवरून अंदाज बांधू नका.

छोट्या बागेसाठी कामाचे हे: एम २७ वरचं झाड दीड-दोन मीटरच्या पुढे सहसा जात नाही, कुंडीत चालतं, पण माती कसदार लागते आणि हयगय अजिबात खपत नाही. एम ९ वर झाड साधारण अडीच-तीन मीटर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळ दिसतं, पण मुळं कमजोर आणि ठिसूळ, त्यामुळे खांबाचा आधार कायमचा द्यावा लागतो, पहिली एक-दोन वर्षं नव्हे, आयुष्यभर. एम २६ त्याच्यापेक्षा जरा मोठा. एमएम १०६ वर झाड साडेतीन-चार मीटरपर्यंत जातं, स्वतःच्या पायावर उभं राहतं, लोकरी माव्याला दाद देत नाही, पण पाणी साचणाऱ्या जमिनीत बुंधा कुजायची भीती. एमएम १११ आणखी मोठा, हलक्या आणि कोरड्या जमिनीत तग धरणारा.

माझं मत विचाराल तर जागा दोन-तीन झाडांचीच असेल आणि रोज लक्ष देणं जमणार नसेल तर एमएम १०६ घ्या आणि छाटणीने आटोक्यात ठेवा. आणि कुंपणाच्या कडेने लांबट पट्टी मोकळी असेल तर एम ९ वरची झाडं ४५ अंशात तिरकी, एकाच खोडाची, तारांना बांधून पाऊण-पाऊण मीटरवर लावा, याला कॉर्डन म्हणतात, सहा-सात मीटरच्या पट्टीत आठ जाती आरामात बसतात. मुळं एमएम १११ ची मजबूत आणि उंची मात्र बेताची असं पाहिजे असेल तर मधे एम ९ चा १५-२० सेंटीमीटरचा तुकडा जोडून वर जात बांधतात, दोन कलमं एकावर एक, हे हात बसल्यावर करून बघण्यासारखं आहे.

थंडीचा हिशोब आणि जोडीदार

सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते आणि ती पुरेशी झाली तरच वसंतात डोळे नीट फुटतात. ढोबळ हिशोब असा की पारा साधारण ७ अंशांच्या खाली असतानाचे तास मोजायचे. जुन्या नामांकित जातींपैकी बऱ्याच जणींना ८०० ते १००० तास किंवा जास्त लागतात. एवढी थंडी मिळाली नाही तर झाड मरत नाही, पण पानं उशिरा आणि तुटक तुटक येतात, फुलं महिना-महिना रेंगाळतात, फांदीचा मधला भाग नागडाच राहतो. हिवाळा सौम्य असेल तर कमी थंडीच्या जाती बघा: इस्रायलमध्ये तयार झालेली ॲना आणि बहामात सापडलेली डॉर्सेट गोल्डन, दोघींना २००-३०० तासांच्या आसपास पुरतात आणि दोघी एकाच वेळी फुलतात म्हणून एकमेकींना परागही देतात. याच्या उलटही लक्षात ठेवा, कडक थंडीच्या भागात ॲना लावली तर तिची झोप लवकर पुरी होते, ती लवकर फुलते आणि मागून येणाऱ्या दहिवराच्या थंडीत फुलं करपतात.

परागाचं गणित सोपं आहे, एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगळ्या जाती १५-२० मीटरच्या आत पाहिजेत. एकाच जातीची दोन झाडं लावून उपयोग नाही, कलमाने आलेली ती दोन्ही एकच. ब्रॅम्ली, जोनागोल्ड, मुत्सू, ग्रेव्हनस्टाइन या जाती ट्रिप्लॉइड आहेत, म्हणजे त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यांचा पराग जवळजवळ निकामी असतो, म्हणजे त्या घेतात पण देत नाहीत, अशांपैकी एक लावली तर सोबत दुसऱ्या दोन जाती पाहिजेत म्हणजे सगळ्यांचंच भागतं. एकाच झाडाची जागा असेल तर त्याच झाडावर एक फांदी दुसऱ्या जातीची बांधून टाका, प्रश्न मिटला. आणि फुलं उमललेली असताना कुठलीही कीटकनाशकाची फवारणी करायची नाही, मधमाश्या आल्या नाहीत तर बाकी सगळं बरोबर करूनही हातात काही येत नाही.

लागवड, थोडक्यात पण एक गोष्ट सोडून

दिवसाला किमान ६-८ तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन, सामू ६ ते ७ च्या दरम्यान. जुनं सफरचंदाचं झाड जिथून काढलं त्याच खड्ड्यात नवीन लावू नका, तिथली माती सफरचंदाला थकलेली असते आणि नवं झाड वर्षानुवर्षं खुरटतं. उघड्या मुळांचं रोप असेल तर लावण्याआधी तास-दोन तास मुळं पाण्यात ठेवा. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, तळाशी ढीगभर शेणखत घालायचा मोह टाळा, ते वरून आच्छादन म्हणून घाला आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल ओली राहून कुजते आणि उंदरांनाही आयतं घर होतं.

थोडक्यात न सांगण्यासारखी ती गोष्ट म्हणजे कलमाचा सांधा. तो जमिनीच्या वर १०-१५ सेंटीमीटर राहिलाच पाहिजे. सांधा मातीत गेला की वरची जात स्वतःची मुळं सोडते आणि मग खुंटाचा बुटकेपणा संपतो, तुम्ही एम ९ म्हणून लावलेलं झाड काही वर्षांत चारी बाजूंनी सुटतं. माती बसते, वर आच्छादन चढत जातं, म्हणून दरवर्षी एकदा वाकून सांधा उघडा आहे का बघायचं.

काडी कधी आणि कशी घ्यायची

झाड पूर्ण झोपेत असताना, म्हणजे ऐन हिवाळ्यात, मागच्या हंगामात वाढलेली पेन्सिलीएवढी जाड, सरळ, ऊन मिळालेली काडी घ्या. शेंड्याचा कोवळा भाग आणि अगदी बुडाचे झोपलेले डोळे सोडून मधला भाग वापरायचा. जोमाने सरळ वर गेलेले पाणफुटवे शक्यतो नको. ज्या झाडावर पानांत पिवळे पट्टे, डाग, सालीवर चट्टे, वाळलेली टोकं दिसली होती तिथून काडी घेऊच नका, विषाणू काडीबरोबर येतो आणि तो नंतर कुठल्याही औषधाने जात नाही. म्हणून काडी हिवाळ्यात घ्यायची असली तरी झाड उन्हाळ्यात, पानं असताना बघून ठेवावं. काही नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो, त्यांचं कलम परवानगीशिवाय करता येत नाही, जुन्या जातींना ही अडचण नाही.

काड्या कापल्या की लगेच जातीचं नाव लिहा, त्याच क्षणी, नंतर सगळ्या काड्या सारख्याच दिसतात. ओलसर, ठिबकत नसलेल्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये १ ते ४ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं किंवा दुसरी पिकणारी फळं ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने डोळे मरतात. अशा काड्या दोन-तीन महिने टिकतात. वापरायच्या आधी नखाने साल जरा खरवडून बघा, आत हिरवं आणि ओलं दिसलं तर काडी जिवंत, तपकिरी दिसली तर टाकून द्या.

जीभ कलम: इथे घाई नको

वेळ म्हणजे हिवाळा संपता संपता, खुंटाचे डोळे फुगायला लागलेले पण काडी अजून झोपेत, हे जुळणं महत्त्वाचं. काडी आधी जागी झाली आणि सांधा अजून जुळलेला नाही तर पानं उमलून तिचं आतलं पाणी संपतं. कलम जुळायला ऊबही लागते, ४ अंशांखाली सांध्यातल्या पेशी फारच सावकाश वाढतात आणि ३२ च्या वर गेलं की त्यांना इजा व्हायला लागते.

सुरी एका बाजूनेच धार असलेली कलमाची घ्या, दाढी करता येईल इतकी धारदार, आणि दर झाडागणिक अल्कोहोलने पुसा. डावखुऱ्यांसाठी धार उलट्या बाजूला असलेली सुरी मिळते, तीच घ्या, उजव्या हाताची वापरली की काप वाकडाच येतो. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळा. छाटणीतल्या टाकाऊ काड्यांवर आधी भरपूर काप घालून बघा, आणि जोपर्यंत काप एका ओढीत सपाट येत नाही तोपर्यंत चांगल्या काडीला हात लावू नका.

खुंट जमिनीपासून १५-२० सेंटीमीटरवर छाटा. आता तिरका काप, लांबी साधारण ३-४ सेंटीमीटर, म्हणजे काडीच्या जाडीच्या चार-पाच पट. मनगट फिरवायचं नाही, सुरी स्थिर धरून अख्खा हात मागे ओढायचा, एकच ओढ. दोनदा-तीनदा तासून सपाट करायला गेलात तर मधे खळगा पडतो. काप उजेडात धरून सुरीचं पातं त्यावर आडवं टेकवा, खालून फट दिसली तर परत घ्या. तस्साच काप काडीच्या बुडाला. मग दोन्ही कापांवर टोकापासून एक तृतीयांश अंतरावरून सुरी आत घालून, हळू डुलवत, सेंटीमीटरभर जीभ पाडायची. ही चीर लाकडाच्या धाग्याच्या रेषेत सरळ उभी गेली तर लाकूड फाटतं, म्हणून ती कापालाच जवळजवळ समांतर ठेवा.

आता काडी खुंटात सरकवायची, जिभेत जीभ अडकली की ती हात सोडला तरी उभी राहते. कापाच्या कडेला बारकाईने बघा: बाहेर तपकिरी साल, आत पांढरं लाकूड, आणि दोघांच्या मधे केसासारखी बारीक, ओलसर, हिरवट रेघ. ती रेघ म्हणजे कॅम्बियम, झाडाचा वाढीचा थर, आणि कलम म्हणजे खुंटाची ती रेघ आणि काडीची ती रेघ एकमेकींना टेकवणं, बाकी सगळी मदत आहे. काडी बारीक आणि खुंट जाड असेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूला सरकवून त्या एका बाजूची रेघ तरी नीट जुळवा, तेवढ्याने कलम लागतं. मधोमध सुबक बसवलेलं, दोन्हीकडे रेघ चुकलेलं कलम वाळतं.

काडीवर दोन-तीन डोळेच ठेवा, जास्त ठेवले की पाणी लवकर उडतं. डोळे वरच्या दिशेने बघतायत ना हे बांधायच्या आधी परत बघा. कलमाची पट्टी किंवा पॅराफिल्म (मेणासारखी, ताणली जाणारी पातळ पट्टी) ताणून खालून वर घट्ट गुंडाळा, हवा आणि पाणी दोन्ही आत जाता कामा नये, आणि काडीच्या कापलेल्या शेंड्याला मेण लावा. पॅराफिल्मचा एक पातळ थर अख्ख्या काडीवर ओढला तरी डोळा तो फाडून बाहेर येतो, कोरड्या हवेत हे जरूर करा.

मोठ्या झाडाची जात बदलायची असेल तर पाचर कलम. अडीच ते पाच सेंटीमीटर जाड फांदी आडवी कापायची, मधोमध चीर पाडायची, काडीच्या बुडाला दोन्हीकडून तासून पाचर करायची आणि चिरेच्या दोन टोकांना दोन काड्या बसवायच्या. जाड फांदीची साल जाड असते, म्हणून काडीची साल बाहेरून फांदीच्या सालीला मिळवायला गेलात की रेघ हमखास चुकते, काडी जराशी आत घ्या. उन्हाळा संपताना, साल सुटत असो नसो, चालतं ते डोळा भरणं: खुंटावर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा चकला काढायचा आणि तेवढाच डोळ्यासकटचा चकला त्या जागी बसवून बांधायचा. तो डोळा हिवाळाभर झोपतो, वसंतात खुंट त्याच्या वर छाटला की फुटतो. एका काडीत कितीतरी झाडं होतात आणि नाही लागला तर खुंट शाबूत राहतो, म्हणून दुर्मिळ जातीची काडी थोडीच मिळाली असेल तर मी डोळाच भरायला सांगेन.

बांधल्यानंतरचे तीन महिने

तीन ते सहा आठवड्यांत डोळे फुटतात, पण पहिली दोन पानं बघून खूश होऊ नका, ती काडीतल्या साठवलेल्या अन्नावरही येतात. पानांमागून नवा शेंडा लांबायला लागला की समजा सांधा लागला. सांध्याखालून खुंटाचे फुटवे जोरात येतात, ते बोटाने मोडत राहा, आठवड्यातून एकदा. दोन शेंडे आले तर चांगला एक ठेवा, काठीला सैल बांधा, पक्षी बसून नवा सांधा मोडतो हे फार होतं. पट्टी न सडणारी असेल तर उन्हाळ्याच्या मध्यावर उभी चीर देऊन सोडवा, नाहीतर ती सालीत रुतते. कलम नाहीच लागलं तर खुंटाचा एक चांगला फुटवा राखून ठेवा, उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्यावर डोळा भरता येतो, वर्ष वाया जात नाही.

एका झाडावर चार-पाच जाती बांधल्या असतील तर दांडग्या जाती दुबळ्यांना दाबून टाकतात, ट्रिप्लॉइड जाती तर नक्कीच. दुबळी जात वर आणि उन्हाच्या बाजूला, दांडगी खाली आणि जास्त आडव्या फांदीवर बांधा, आणि छाटणी करताना दांडगीला उन्हाळ्यात छाटा, हिवाळ्यात छाटली की ती आणखी पेटते. प्रत्येक फांदीवर ॲल्युमिनियमची पट्टी, नाव टोकदार खिळ्याने कोरलेलं, सैल तारेने. शाई दोन उन्हाळे टिकत नाही, आणि घट्ट तार फांदीचा गळा आवळते.

छाटणी आणि विरळणी

फांदी सरळ वर गेली की लाकूड वाढवते, ४५ ते ६० अंशांत वाकवली की फळाचे डोळे धरते, म्हणून पहिली तीन-चार वर्षं कात्रीपेक्षा दोरी जास्त वापरा. बहुतेक जाती जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर फळतात, काही जाती मात्र फांदीच्या टोकाला, अशांचे शेंडे सरसकट छाटले तर फळच छाटलं जातं. छाटायच्या आधी फुलं कुठे येतात ते एक वसंत नीट बघा.

पहिल्या वर्षी आलेली सगळी फळं काढा, दुसऱ्या वर्षीही मोजकीच ठेवा. जीवावर येतं, पण झाडाला आधी सांगाडा उभा करू द्या. पुढेही दरवर्षी विरळणी हवीच: झाड स्वतःहून काही फळं गाळतं, ती गळ संपली की एका घोसात एकच फळ आणि दोन फळांत १०-१५ सेंटीमीटर अंतर. हे फक्त आकारासाठी नाही. पुढच्या वर्षीची फुलं याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोळ्यांत धरायला लागतात आणि वाढत्या फळांतल्या बियांमधून येणारी संप्रेरकं ती धरू देत नाहीत, म्हणून एक वर्ष लदबदलेलं झाड पुढच्या वर्षी रिकामं. विरळणी लवकर केली तरच हे चक्र तुटतं, फळं मोठी झाल्यावर काढून पुढच्या वर्षीला फायदा नाही.

रोग-किडी आणि काढणी

खपली रोगाची बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, पानं गोळा करून टाकली की पुढच्या हंगामाचा जोर बराच कमी होतो. भुरीने पांढरे पडलेले शेंडे दिसले की लगेच कापा. फायर ब्लाइट हा जिवाणूचा रोग वेगळा, शेंडा करपल्यासारखा काळा होऊन आकड्यासारखा वाकतो, तिथे दिसणाऱ्या डागाच्या २०-३० सेंटीमीटर खालून फांदी कापायची आणि दर कापानंतर कात्री अल्कोहोलमध्ये बुडवायची. फळात शिरणाऱ्या अळीसाठी थोड्याच झाडांच्या बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे विरळणी झाल्या झाल्या फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या. फळाच्या सालीखाली तपकिरी खळगे पडत असतील तर तो बिटर पिट, फळाला कॅल्शियम कमी पोचतं, आणि बहुतेक वेळा जमिनीत चुना कमी नसतो, पाणी अनियमित असतं. फळ वाढीच्या काळात ओलावा एकसारखा ठेवा, आणि नत्र जास्त घालू नका.

फळ तयार आहे का हे लाल रंगावरून ठरवू नका, लालीमागचा हिरवा रंग पिवळट व्हायला लागलाय का ते बघा. एक फळ कापून बिया बघा, तपकिरी झाल्या असतील तर जवळ आलंय. मग फळ तळव्यात धरून वर उचलून जरासं फिरवायचं, देठासकट सहज हातात आलं तर काढा, ओढावं लागलं तर आठवडाभर थांबा. लवकर येणाऱ्या जाती काढल्या की खाऊन टाका, त्या टिकत नाहीत. उशिराच्या जाती मात्र काढल्यावर काही आठवड्यांनी जास्त गोड लागतात, त्या ० ते ४ अंशांत, एकमेकांना न टेकवता ठेवा, आणि दर आठवड्याला एक फेरी मारून नासकं फळ बाजूला काढा.